जर्मनीचं ‘अपॉर्च्युनिटी कार्ड’ वर्क परमिट नाही, मग नेमकं काय आहे?

‘नोकरी नसली तरी जर्मनीला जा, एका वर्षाचा व्हिसा पक्का!’ अशी रील एव्हाना तुमच्याही फीडवर आली असेल. खाली एजंटचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर. यातला पहिला भाग खरा आहे, पण ‘पक्का’ काहीच नाही. आणि हा फरक समजला नाही, तर घरच्यांची एफडी मोडली जाते.

कार्ड मिळतं म्हणजे काय मिळतं?

जर्मनीने १ जून २०२४ पासून अपॉर्च्युनिटी कार्ड सुरू केलं. जर्मन भाषेत त्याला ‘शान्सेनकार्टे’ म्हणतात. हे कार्ड नोकरी करण्यासाठी नाही, नोकरी शोधण्यासाठी आहे. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. या काळात आठवड्याला २० तासांपर्यंत पार्टटाइम काम करता येतं. एखाद्या कंपनीत दोन आठवड्यांपर्यंत ट्रायलवरही काम करता येतं. फुलटाइम नोकरी मिळाली, की तिथेच राहून कामाचा परवाना घ्यायचा. नाही मिळाली, तर मुदत संपल्यावर साधारणपणे परत यायचं.

पात्र कोण?

तुमची पदवी जर्मनीत पूर्ण मान्य झाली असेल, तर पॉइंट्सची गरज नाही. बाकीच्यांसाठी आधी तीन अटी आहेत: भारतात मान्यता असलेली पदवी किंवा किमान दोन वर्षांचं व्यावसायिक शिक्षण, जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२ पातळी आणि खर्चाची तजवीज.

इथेच आयटीआयवाल्यांनी लक्ष द्यावं. फिटर, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. वेल्डरचा एक वर्षाचा. म्हणजे फक्त एक वर्षाच्या ट्रेडवर या कार्डासाठी अर्ज करता येत नाही, एजंट काहीही म्हणो.

यानंतर किमान ६ पॉइंट्स लागतात. समजा तुम्ही २८ वर्षांचे बी.कॉम. आहात आणि अकाउंट्समध्ये तीन वर्षं काम केलंय. वयाचे २, अनुभवाचे २, इंग्रजी सी१ असेल तर १. झाले ५. एका पॉइंटने गाडी अडली! जर्मन ए१ला पॉइंट नाही, ए२ला १ आहे, बी१ला २ आणि बी२ला ३. म्हणजे अनेकांचा निकाल एजंटच्या ‘सेटिंग’वर नाही, भाषेच्या क्लासवर ठरतो.

पैशाचं गणित

२०२५ च्या नियमानुसार महिन्याला १,०९१ युरोची सोय दाखवावी लागते. वर्षाचे झाले १३,०९२ युरो. एक युरो १०० रुपयांचा धरला, तरी १३ लाखांच्या पुढे. ही रक्कम बहुतेक जण ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये ठेवतात आणि दर महिन्याला ठरावीक हप्ता काढतात. पैसे तुमचेच असतात, पण नोकरी लागली नाही तर वर्षभरात ते खर्च झालेले असतात.

मग जर्मनीला माणसं हवीत की नकोत?

हवीत. तिथली लोकसंख्या म्हातारी होतेय. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याची घोषणा केली. त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला होता.

पण करार म्हणजे व्हिसा नव्हे. आधी नोकरी मिळवून जाणाऱ्याची जोखीम कंपनीही वाटून घेते. अपॉर्च्युनिटी कार्डात सगळी जोखीम तुमच्या खिशातून जाते. जर्मनीला माणूस पारखायला वर्ष मिळतं आणि त्याचा खर्च अर्जदार करतो.

म्हणूनच आधी भारतातून ऑफर मिळवता येते का, ते बघा. पदवीधरांसाठी ‘ईयू ब्लू कार्ड’ आहे. २०२५ मध्ये त्यासाठी वर्षाला किमान ४८,३०० युरो पगाराची ऑफर लागत होती, टंचाई असलेल्या क्षेत्रांत थोडी कमी. ब्लू कार्डवर बी१ जर्मन येत असेल, तर २१ महिन्यांनी कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो.

पैसे देण्याआधी हे तपासा

अपॉर्च्युनिटी कार्डाचा अर्ज जर्मन सरकारच्या कॉन्सुलर पोर्टलवर स्वतः भरता येतो. व्हिसा फी ७५ युरो आहे. कुणी परदेशात नोकरी लावून देतो म्हणत असेल, तर त्याचं नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर शोधा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच शुल्क घेता येतं.

लाखांत आकडा सांगितला, की एकच प्रश्न विचारा: ‘हे पैसे नोकरीचे आहेत की फक्त फॉर्म भरायचे?’ उत्तर लेखी मागा. बहुतेक वेळा बोलणं तिथेच थांबेल.