वय आधी, खटला मागून

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते ठार झाले. मोटार चालविल्याचा आरोप सतरा वर्षांच्या मुलावर होता. त्याच दिवशी त्याला जामीन मिळाला आणि जामिनाच्या अटींत अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याचीही अट होती. त्या आठवड्यात आमच्या खरीपपूर्व सभा चालू होत्या. बीजप्रक्रियेवर बोलायला उभा राहिलो तर मागून एक म्हातारबुवा म्हणाले, "साहेब, धानाचं राहू द्या. पोट्टा माणसं मारते अन् निबंध लिहून सुटते, हा कोणता कायदा व्हय? असल्या पोट्ट्याले मोठ्यावानीच शिक्षा पाह्यजे." सभेतल्या निम्म्या माना हलल्या. खरे सांगायचे तर माझीही हलली.

पण राग हा न्यायाचा मापदंड नव्हे. कायदा काय आहे, ते आधी पाहू.

दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या अत्याचार प्रकरणानंतर देशभर हाच प्रश्न उठला आणि २०१५ चा बालन्याय कायदा झाला. तो जानेवारी २०१६ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालचा आरोपी बाल न्याय मंडळापुढे जातो. मात्र मूल सोळा ते अठरा वर्षांचे असेल आणि गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा असेल, तर मंडळ त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि गुन्ह्याची परिस्थिती तपासते. त्यानंतर त्याला प्रौढ म्हणून चालविण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. म्हणजे "मोठ्यावानी" खटल्याचे दार कायद्यात आहेच, फक्त ते सरसकट उघडे नाही. फाशी किंवा सुटकेची आशाच नसलेली जन्मठेप त्या मुलाला तरीही देता येत नाही. पुण्याच्या मुलाला प्रौढ म्हणून चालवावे ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. तो निर्णय पटो न पटो, त्या मुलाच्या वयाबद्दल वाद नव्हता. कागद चोख होते.

कागद चोख नसले तर काय होते, त्याचाही दाखला पुण्यातलाच आहे. २६ ऑगस्ट १९९४ रोजी तेथे एका घरात पाच स्त्रिया व दोन मुले अशा सात जणांची हत्या झाली. स्त्रियांपैकी एक गर्भवती होती. अंगावर काटा यावा असाच तो प्रकार. पकडलेल्यांपैकी एकाचे वय पोलिसांच्या कागदावर विशीचे पडले. १९९८ मध्ये त्याला फाशी सुनावली गेली आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे त्याच्या अर्जावर २०१९ मध्ये चौकशीचा आदेश झाला. राजस्थानच्या बिकानेर जिल्ह्यातल्या सरकारी शाळेत त्याची जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२ अशी निघाली. गुन्ह्याच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले. तोवर त्याने अठ्ठावीस वर्षे कैद भोगली होती आणि नागपूरच्या तुरुंगातून तो बाहेर आला.

कोणी म्हणेल, सात जीव गेले, त्याची कीव कशाला? कीव करा असे मी म्हणत नाही. पण मेलेल्यांच्या नातेवाइकांना तरी काय मिळाले? अठ्ठावीस वर्षांनी सगळे पुन्हा उकरले गेले. वय पहिल्याच दिवशी तपासले असते तर त्या मुलाचा खटला तेव्हाच्या बाल कायद्याने चालून केव्हाच संपला असता. घाईने मोठा ठरवून न्याय लवकर मिळाला नाही, उलट लांबला.

आता आपल्या जंगलपट्टीकडे या. योजनेचे अर्ज भरून घेताना मला एक गोष्ट नेहमी दिसते. गावातल्या कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून! सगळे एकाच दिवशी जन्मले काय? नाही. मायबापांना तारीख सांगता आली नाही आणि गुरुजींनी शाळा भरायच्या हिशेबाने लिहून टाकली. शेताच्या अर्जात ते खपून जाते, पण खटल्यात त्याच तारखेवर पोराचे आयुष्य ठरते. कायद्याने वय ठरवायला आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पाहतात, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. त्या तपासणीत वर्ष-दोन वर्षांचा फरक पडतो. बांधीतला हलका धान आणि भारी धान नुसत्या उंचीवरून कोणी ओळखत नाही, पेरणीची तारीख विचारतो. मग मिसरूड फुटली म्हणून पोर मोठे कसे ठरवायचे?

आणि हे दार फक्त खुन्यासाठी आहे अशा भ्रमात राहू नका. सतरा वर्षांचा मुलगा आणि त्याच वयाची मुलगी राजीखुशीने पळून गेली, तर गावात ते जातपंचायतीपुढे मिटते. पण बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यात मुलीची संमती धरली जात नाही आणि बलात्काराच्या कलमाला किमान दहा वर्षे आहेत. म्हणजे तो मुलगाही प्रौढ म्हणून चालविण्याच्या रांगेत उभा राहू शकतो. जबरदस्ती करणाऱ्याची गय नकोच. पण सभेत माना हलविताना आपण कोणाकोणासाठी शिक्षा मागतो, हे कळले पाहिजे.

माझे मत एवढेच आहे. सोळा ते अठराचे दार आहे ते राहू द्यावे. खरोखर समजून-उमजून भीषण गुन्हा केलेल्यापुरते, नीट तपासणी करूनच ते उघडावे आणि रागाच्या भरात वय आणखी खाली आणू नये. पोरांना पुढे करून दारूची ने-आण करणाऱ्या किंवा त्यांच्या हाती बंदूक देणाऱ्या मोठ्यांना याच कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. तो बडगा आधी उगारावा.

गावाने करायचे ते गावाच्या हातात आहे. जन्माची खबर एकवीस दिवसांत द्यावी. वर्ष उलटून गेले तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून नोंद होत नाही. ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, यांनी घरी जन्मलेल्या बाळाची नोंद आशाताईंना विचारून घ्यावी. गुरुजींनी दाखल-खारीज रजिस्टरात अंदाजाची तारीख टाकू नये. गावातले पोर पोलिसांनी नेले तर पोलीस पाटलांनी शाळेचा दाखला घेऊन त्याच दिवशी ठाणे गाठावे, कारण मुलाला कोठडीत ठेवता येत नाही आणि चोवीस तासांत मंडळापुढे न्यावे लागते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट देते.

त्या म्हातारबुवांना मी पुढच्या सभेत हे सारे सांगितले. थोडा वेळ गप्प बसून ते म्हणाले, "माह्या नातवाची तारीख एक जूनच हाय, साहेब. खरी कोणती, ते त्याच्या आजीले इचारतो." सातबारा जसा आपण दरवर्षी तपासतो, तसे हे एकदा घरोघरी तपासून घ्या.