‘राष्ट्रभाषा’ म्हटलं की झालं?

हिंदीत ‘हम’ म्हटलं की ऐकणारा त्यात धरलाय की नाही, ते कळत नाही. मराठीत कळतं. ‘आपण जाऊ’ वेगळं, ‘आम्ही जाऊ’ वेगळं. पूर्व नेपाळातले लिंबू लोक याच्याही पुढे आहेत. आपण दोघं, आम्ही दोघं, आपण सगळे, आम्ही सगळे, या चारही गोष्टींना त्यांच्याकडे चार वेगळे शब्द!

लिंबू ही किरांती कुळातली भाषा. बांतवा, चामलिंग, कुलुंग, थुलुंग, दुमी या तिच्या बहिणी. एकट्या राई समाजातच अशा वीसेक भाषा आहेत. एक डोंगर ओलांडला की बोली बदलते.

नेपाळच्या २०१५ च्या संविधानात कलम ६ सांगतं की देशातल्या सगळ्या मातृभाषा राष्ट्रभाषा आहेत. वाचायला झकास! पण लगेच कलम ७ येतं: सरकारी कामकाजाची भाषा नेपाळी. प्रांतांना आणखी भाषा घेण्याची मुभा आहे. २०२१ मध्ये तिथल्या भाषा आयोगाने आजच्या कोशी प्रांतासाठी मैथिली आणि लिंबूची शिफारसही केली. पण शिफारशीने दाखला मिळत नाही, की पहिलीच्या पोराला धडा समजत नाही.

काही जण म्हणतील, इतक्या भाषांना पैसा कुठून आणायचा? प्रश्न रास्त आहे. दुमी बोलणारे मूठभर उरलेत, त्यांच्यासाठी कॉलेज काढा असं कोणी म्हणत नाही. पण पहिली-दुसरीला गावातलीच बाई शिकवायला ठेवणं काय इतकं महाग आहे? शालेय शिक्षण आणि भाषेचं जतन, दोन्ही विषय संविधानानेच स्थानिक पालिकांकडे दिलेत. म्हणजे अडतंय ते इच्छेपाशी.

आपल्याच सिक्कीममध्ये लिंबू राज्याची अधिकृत भाषा आहे. शाळेत शिकवली जाते, तीही तिच्या स्वतःच्या सिरिजंगा लिपीत. त्याने सिक्कीम काही फुटलं नाही.

आईबापांनाही दोष देऊन चालणार नाही. ज्या भाषेत नोकरी, त्याच भाषेच्या शाळेत पोरं जाणार. आपल्याकडच्या मराठी शाळांचा पट बघा, वेगळं काय चाललंय?

म्हणून माझं मत सरळ आहे. भाषेला नुसता मान देऊन भागत नाही, काम द्यावं लागतं. शाळेत, पालिकेत, दवाखान्यात. नाहीतर ती पोरं नेपाळीतलं एकच ‘हामी’ म्हणत मोठी होतील, आणि त्यात कोण आत, कोण बाहेर, हे सांगणारे शब्द आजीबरोबरच जातील.

तुम्हाला काय वाटतं? सांगा.