दोष शैलीचा नाही

मा. संपादक,


मॉक्युमेंटरी, म्हणजे माहितीपटाच्या रूपातली काल्पनिक कथा, १९८४च्या ‘धिस इज स्पायनल टॅप’पासून सुरू झाली आणि ती हशा पिकवण्यासाठी प्रेक्षकाला फसवते, असे गेल्या अंकातील लेख म्हणतो. त्या चित्रपटाने हा प्रकार लोकप्रिय केला, एवढेच खरे.

पीटर वॉटकिन्स यांनी बीबीसीसाठी ‘द वॉर गेम’ केला १९६५मध्ये. इंग्लंडच्या केंट परगण्यावर अणुबाँब पडला तर काय होईल, हे त्यांनी हौशी कलाकार आणि बातमीपटासारखा हलता कॅमेरा घेऊन दाखवले. भाजलेली माणसे, अन्नासाठीच्या दंगली, गोळीबार. यात हशा कुठे आहे? बीबीसीने तेव्हा तो प्रसारित केला नाही. चित्रपटगृहांत गेल्यावर त्याला माहितीपटाचे ऑस्कर मिळाले. दूरचित्रवाणीवर यायला मात्र १९८५ उजाडले. फसवले कोणाला? असा हल्ला झालेला नाही, हे प्रत्येक प्रेक्षक जाणत होता.

फसवणूक पाहायची तर ‘अ‍ॅनिमल प्लॅनेट’चा २०१२मधील ‘मर्मेड्स: द बॉडी फाउंड’ पाहा. तिथे जलपऱ्या खऱ्या आहेत असे भासवायला नटांना शास्त्रज्ञ म्हणून उभे केले. शेवटी जलपरींचा कसलाही पुरावा नाही, असे अमेरिकी सरकारच्या सागरविषयक यंत्रणेला जाहीर करावे लागले. लेखात याचा उल्लेखही नाही.

सालाची दुरुस्ती पुढील अंकात छापावी.

आपला,
एक वाचक, सातारा