गळका गिझर आणि सासूबाईंच्या मुंग्या

थंडी पडली की घरातल्या दोन गोष्टी हटकून रुसतात. एक विरजण आणि दुसरा न्हाणीघरातला गिझर. विरजणाचं आपलं आपण बघून घेतो, पातेल्याला टॉवेल गुंडाळतो. गिझरचं मात्र "ह्यांना वेळ मिळाला की बघतील" या सदरात जातं आणि तिथेच राहतं.

आमचा गिझर दसऱ्यापासून गळत होता. धार नव्हती, थेंब थेंब. मी खाली एक मग ठेवला, भरला की ओतून द्यायचा, झालं. आता लिहिताना लाज वाटते, पण दीड महिना मी हे केलं. मधल्या काळात सासूबाई दोनतीनदा म्हणाल्या, "अगं, तोटीला हात लावला की मुंग्या येतात बघ हाताला." मी म्हटलं, "आई, थंडीनं होतं तसं." हे म्हणाले, "वयानं होतं." नातीनं तर आजीला मोजे आणून दिले! त्या बिचाऱ्या गप्प बसल्या आणि बादली पदराने धरून नळ सोडू लागल्या. तेही आम्हाला त्यांच्या सोवळ्यातलंच काहीतरी वाटलं.

एका रविवारी मी अनवाणी, ओल्या फरशीवर उभी राहून तोटी घासायला गेले आणि कोपरापर्यंत झटका बसला. मुंग्या कशाच्या ते त्या क्षणी कळलं.

वायरमन आला. त्याने टेस्टर तोटीला लावला, तर दिवा लागला. झालं होतं असं की, गळणारं पाणी गिझरच्या बुडाशी झाकणात उतरत होतं. पाणी तापवणाऱ्या कॉइलची विजेची जोडणी नेमकी तिथेच असते. तरीही अर्थिंग नीट असती, तर ही वीज जमिनीत निघून गेली असती. पण आमच्या अर्थिंगची तार गंजून केव्हाच तुटली होती. म्हणजे गिझर, पाइप, तोटी सगळ्यांत वीज खेळत होती आणि ती जमिनीत जाण्यासाठी वाट शोधत होती ती सासूबाईंच्या हातातून. त्या पायात रबरी सपाता घालून न्हाणीत जातात म्हणून निभावलं. मी बी.ए. मराठी, शाळेत अर्धवेळ शिकवते, विजेचं शास्त्र माझ्या वाट्याला आलं नाही. पण म्हातारं माणूस तीनदा एकच गोष्ट सांगतंय, तर ती ऐकावी, एवढ्याला कुठलं शास्त्र लागतं?

तेव्हा गिझर गळतो म्हटल्यावर पहिलं काम हे, की त्याचं नुसतं बटण नव्हे, मेन स्विच बंद करायचा. मगच गळतं कुठून ते बघायचं. पाइपाच्या जोडातून गळत असेल तर धागा-वायसरचं काम आहे. बुडाशी कॉइल बसवलेली असते, तिथलं रबर गेलं असेल तर तेही बदलता येतं. पाणी येण्याच्या बाजूला एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी तापताना त्यातून थोडं ठिबकलं तर घाबरू नका. पाणी तापलं की फुगतं. पंधरा लिटर पाणी तापून साठ-पासष्ट अंशांवर गेलं तर पाव लिटरभर वाढतं, त्याला जायला वाट हवीच. पण त्या व्हॉल्व्हला लाकडाची खुंटी ठोकून ठिबकणं बंद केलेलं मी एका घरी पाहिलं आहे. असलं काही मुळीच करू नका. कुकरची शिट्टी बांधून ठेवावी, तसला तो प्रकार आहे.

आमच्याकडे मात्र आतली टाकीच कुजली होती. बाहेरचं पांढरं कवच नव्यासारखं आणि आत चाळण. टाकी गेली की डागडुजी करण्यात अर्थ नाही, नवाच घ्यावा लागतो.

कुजली का, याचं उत्तर आपल्या पाण्यात आहे. कळंब मांजरेच्या काठी असलं तरी नदीचा भरवसा आपल्याला ठाऊक आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं आणि शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते कोण विसरेल? आमच्या गल्लीत तर ज्याने त्याने बोअर पाडली. जितकं खोल तितकं पाणी जड. चहाच्या पातेल्याला बसतो तोच पांढरा थर गिझरच्या कॉइलवर बसतो. थर जाड झाला की कॉइल स्वतःच तापत राहते, पाण्याला उशिरा ऊब लागते, बिल वाढतं आणि एक दिवस कॉइल जळते. पाणी जितकं जास्त तापवाल तितका हा थर लवकर धरतो. म्हणून गिझरचा काटा शेवटच्या टोकाला नेऊन ठेवू नये, साठ अंशांच्या आतबाहेर पुरे. नाहीतरी उकळतं पाणी घेऊन त्यात निम्मं गारच ओततो आपण!

आता नवा कोणता घ्यायचा? घरात सभा भरली. ह्यांचं म्हणणं, गॅसचा घ्यावा, विजेची कटकट नको. मी न्हाणीघराकडे बोट दाखवलं. वीतभर खिडकी, तीही थंडीत कागद लावून बंद. बंद जागेत गॅस जळला की हवेतला प्राणवायू संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास, माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतं. ही भीती जुनीच आहे. १८६८ साली लंडनच्या मॉघन नावाच्या गृहस्थाने गॅसवर पाणी तापवायचं यंत्र काढलं आणि आइसलंडमधल्या गरम कारंज्यावरून त्याला 'गिझर' नाव दिलं. आपण आजही तेच नाव घेतो. त्या पहिल्या यंत्रालाही धूर बाहेर जायला नळकांडं नव्हतं. ज्यांची न्हाणी अंगणात मोकळी आहे आणि यंत्र बाहेरच्या भिंतीवर बसवता येतं, त्यांनी जरूर विचार करावा. आमच्यासारख्या कोंदट न्हाणीत नको म्हणजे नको.

धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, सोलर घ्या, उन्हाला काय तोटा आपल्याकडं?" खरं आहे, पण आमच्या घरावर पत्रे. शिवाय वरची टाकी चार दिवसाआड रिकामी होते. काचेच्या नळ्यांचं सोलर रिकामं राहिलं, नळ्या भर दुपारी तापल्या आणि त्यात एकदम गार पाणी सोडलं, तर काच तडकते. स्लॅबचं घर आणि पाण्याची बऱ्यापैकी सोय असेल, तर सोलरसारखं स्वस्त पाणी दुसरं नाही. माझं घर तसं असतं तर मी तेच घेतलं असतं.

राहिला विजेचा. दुकानात गेलो तर दुकानदार सगळं ह्यांच्याकडे बघून सांगत होता. "साहेब, पंचवीस लिटर घ्या, फॅमिलीला बरा पडतो." मी पर्समधून वहीचा कागद काढला. हिशोब घरूनच करून नेला होता. आमची बादली अठरा लिटरची. अंगाला सोसेल असं पाणी करायला त्यात साठ अंशांचं साडेआठ लिटर लागतं, बाकी गार. म्हणजे पंधरा लिटरच्या गिझरमधून पावणेदोन बादल्या होतात. आम्ही पाच माणसं, पण एकदम थोडीच आंघोळीला बसतो? सासूबाई साडेपाचला, मग मी, मग मुलांची शाळेची गडबड, हे सगळ्यात शेवटी. मध्ये वीस मिनिटं मिळाली की दोन हजार वॅटचा गिझर पुन्हा तापतो आणि एका खेपेला पाऊण युनिटच्या आत वीज लागते. मात्र आमच्याकडे पहाटे व्होल्टेज पडतं. २३० च्या जागी १८० आलं की गिझरची ताकद जवळजवळ साठ टक्क्यांवर येते, आणि वीस मिनिटांची बत्तीस होतात. हे ठाऊक असलं की यंत्राला नावं ठेवायची वेळ येत नाही, बटण जरा आधी दाबायचं. तीन लिटरचा झटपट गिझरही पाहिला. एका माणसाला, स्वयंपाकघराला ठीक. आमच्या थंडीत आणि आमच्या व्होल्टेजला त्याची धार कोमटच राहील.

मग मी आतल्या टाकीचं विचारलं. दुकानदाराने आता पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. स्टीलची टाकी दिसायला भक्कम, पण पाण्यात मिठासारखे क्षार असतील तर स्टीललाही बारीक भोकं पडतात. काचेचा लेप दिलेली टाकी खाऱ्या पाण्याला जास्त टिकते, आणि तिच्यात मॅग्नेशियमचा एक दांडा असतो. तो स्वतः झिजतो आणि टाकीला वाचवतो (घरोघरी असतं एखादं तसं माणूस). हा दांडा वर्षा-दोन वर्षांनी बघून बदलायचा असतो, हे आमच्या जुन्या गिझरच्या वेळी कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा दांडा मिळतो का, बदलायला गावात माणूस येतो का, हे पैसे देण्याआधी विचारा. आय.एस.आय. खूण बघाच. तारे मात्र डोळे मिटून मोजू नका. गिझर भरून नुसता ठेवला तर चोवीस तासांत किती ऊब वाया जाते, त्यावर ते तारे मिळतात. तापवला, वापरला, बंद केला, अशी रीत असेल तर एका ताऱ्यासाठी फार पैसे मोजायची गरज नाही.

पंधरा लिटरचाच घेतला. पंचवीसच्या किमतीतले जे वाचले, त्यात माझ्या पगारातले थोडे घातले आणि अर्थिंग नवीन करून घेतलं, सोळा अँपिअरचं स्वतंत्र पॉइंट आणि ३० मिलिअँपिअरवर वीज तोडणारं ते छोटं यंत्रही बसवलं. हे म्हणाले, "गिझरपेक्षा वायरिंगच महाग पडलं." मी म्हटलं, "पडू द्या."

नवा गिझर येईपर्यंतचे आठ दिवस माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली काढला होता. चिंचेने घासला, तुराट्या घातल्या, आणि पाण्याला तो धुरकट वास आला. मुलांना गंमत, मला खोकला.

अर्थिंगचा खड्डा अंगणात आहे. मीठ, कोळसा घालून बुजवला आहे, पण उन्हाळ्यात माती वाळली की त्याचा उपयोग कमी होतो, म्हणून त्यात अधूनमधून पाणी ओतायला वायरमनने सांगितलंय. ते काम सासूबाईंनी घेतलंय. सकाळी तुळशीला पाणी घातलं की उरलेला तांब्या त्या खड्ड्यात रिता करतात. आणि न्हाणीत जाण्याआधी रोज मला हाक मारतात, "बटण बंद केलंस का गं?"

मी हातातलं काम टाकून बघून येते.