विमान सुटते कोठून?

मुंबई शहरास दुसरा विमानतळ मिळाला याचा आनंद आम्हांसही आहे. डोंगर फोडून, उलवे नदीचा प्रवाह वळवून आणि दहा गावांतील माणसे पिढीजात घरांतून उठवून हा विमानतळ उभा राहिला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. ज्यांनी त्यासाठी जमिनी दिल्या त्यांचे ऋण या शहराने विसरता कामा नये. परंतु विमानतळ बांधणे निराळे आणि प्रवाशाला तेथवर नीट पोहोचविणे निराळे. हातात ‘मुंबई ते नागपूर’ असे तिकीट असलेल्या माणसाने पहाटे साडेतीन वाजता घराबाहेर पडून टॅक्सीवाल्यास काय सांगावे, या साध्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या तिकिटावर त्याला वाचता येईल अशा रीतीने असते काय? आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे.

मुंबईकराचा या बाबतीतला हिशेब एके काळी फार सोपा होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन उतरले ते जुहूच्या मैदानावर. तेव्हा मुंबईचे विमान म्हणजे जुहू. पुढे महायुद्धानंतर तो मान सांताक्रूझकडे गेला. ऐंशीच्या दशकात परदेशी विमानांसाठी सहार येथे स्वतंत्र इमारत झाली आणि लोकांनी आपल्या मनाशी एक समीकरण बांधून टाकले : देशातल्या देशात जायचे तर सांताक्रूझ, परदेशी जायचे तर सहार. हे समीकरण कोणा अधिकाऱ्याने शिकविले नव्हते; पण ते बिनचूक होते, आणि घरातील आजीबाईंपासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांस ठाऊक होते.

२०१४ साली सहारची नवी भव्य इमारत सुरू झाली आणि हे समीकरण मोडले. देशांतर्गत विमाने टप्प्याटप्प्याने तिकडेही जाऊ लागली. २०२० सालच्या महासाथीत सांताक्रूझची इमारत बंद झाली, २०२१ साली पुन्हा उघडली, आणि प्रत्येक वेळी कोणते विमान कोठे गेले हे शोधण्याचे काम प्रवाशाच्या गळ्यात पडले. दोन्ही इमारतींना नाव एकच, छत्रपती शिवाजी महाराजांचे; धावपट्ट्याही त्याच. भेद काय तो ‘टर्मिनल एक’ आणि ‘टर्मिनल दोन’ एवढ्या आकड्याचा. परंतु एकीची वाट विलेपार्ल्याकडून, दुसरीची सहारकडून. आणि चुकीच्या दारी उतरलेल्या माणसाला दाराशी तिकीट तपासणारा सुरक्षा दलाचा जवानच प्रथम सांगतो की, तुमचे विमान येथून नाही. तेथून बॅगा ओढत पुन्हा रिक्षा शोधणाऱ्या कुटुंबांचे दृश्य पाहावयास फार दिवस थांबावे लागत नाही. तरीही येथवरची चूक अर्ध्या-पाऊण तासात निस्तरता येत असे. आता तिसरे ठिकाण उलव्याचे आले आहे, आणि ही चूक निस्तरण्याच्या पलीकडे गेली आहे.

सहार आणि उलवे यांच्यामध्ये सारी मुंबई आणि एक खाडी आहे. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू झाला हे खरे. पण सेतूपर्यंत पोहोचण्यासाठी आधी सहारहून शिवडी गाठावी लागते, आणि सकाळच्या गर्दीत ती कशी गाठायची हे ज्याचे त्याने पाहावे. या दोन विमानतळांना जोडणाऱ्या मेट्रोची चर्चा भरपूर झाली. ती धावू लागलेली नाही. बहुतेक विमान कंपन्यांच्या खिडक्या उड्डाणाआधी एक तास बंद होतात. तेव्हा उलव्याचे विमान धरण्यासाठी जो सहारच्या दारात जाऊन उभा राहिला, त्याचे विमान गेलेच म्हणून समजावे. विमानाबरोबर भाडेही जाते. प्रवासी उपस्थित न राहिल्यास सरकारी कर आणि विमानतळाचे आकार त्याला परत मिळावेत असा नियम आहे. मूळ भाडे मात्र बहुधा कंपनीच्या पदरात पडते. त्याच दिवशीचे दुसरे तिकीट काढायचे तर त्याची किंमत काय असते, हे ज्यांना काढावे लागले त्यांना विचारावे.

ज्याच्या खिशात दुसऱ्या तिकिटाचे पैसे आहेत त्याचे फार बिघडत नाही. पण मुलाखतीला निघालेला उमेदवार, अंत्यदर्शनाला निघालेली लेक, इस्पितळात दिवस ठरवून घेतलेला रुग्ण यांच्या हातून जे जाते ते कोणत्या नियमाने परत मिळणार?

यावर विमान कंपन्यांचे उत्तर ठरलेले आहे. तिकिटावर सारे छापलेले असते, प्रवाशाने वाचावे. छापलेले असते, हे आम्ही मान्य करतो. पण काय छापलेले असते? जुन्या विमानतळासाठी ‘बी-ओ-एम’ आणि नव्यासाठी ‘एन-एम-आय’ अशी तीन-तीन रोमन अक्षरे, आणि शेजारी लहान टाइपात एक लांबलचक इंग्रजी नाव. ‘बी-ओ-एम’ ही बॉम्बेची अक्षरे. १९९५ साली शहराचे नाव मुंबई झाले, तरी संकेत तोच राहिला. वैमानिकांच्या आणि सामान वाहणाऱ्यांच्या सोयीसाठी जगाने ठरविलेली ही चिन्हे आहेत, ती बदला असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या चिन्हांनी प्रवाशाला वाट दाखवावी ही अपेक्षा म्हणजे औषधाच्या बाटलीवर रसायनाचे सूत्र लिहून रोग्याला ‘आता घे’ म्हणण्यासारखे आहे. शिवाय तिकीट काढणारा आणि प्रवास करणारा एकच असतो काय? तिकीट भाचा काढतो पुण्यात बसून, आणि विमानात बसते डोंबिवलीची मावशी. तिच्या भ्रमणध्वनीवर येतो तो चार ओळींचा इंग्रजी संदेश. २०१६ साली सरकारने ‘उडान’ योजना आखली, आणि हवाई चप्पल घालणाऱ्यालाही विमानात बसता यावे असे पंतप्रधानांनी बोलून दाखविले. उद्देश उत्तम आहे. मग त्या चप्पल घालणाऱ्याला वाचता येईल असे तिकीट छापण्यास कोणती अडचण आहे?

हे संकट अनपेक्षित होते असेही नाही. गोव्यात ते आधीच येऊन गेले आहे. ५ जानेवारी २०२३ पासून पेडणे तालुक्यातील मोपा येथून विमाने सुटू लागली, आणि दाबोळीचा विमानतळही चालूच राहिला. एक उत्तरेच्या टोकाला, दुसरा मुरगाव तालुक्यात. मध्ये मांडवी आणि झुवारी दोन्ही नद्या. तिकिटावर मात्र दोहोंसाठी ‘गोवा’, आणि संकेताक्षरांत फरक केवळ शेवटच्या अक्षराचा : दाबोळीला ‘जी-ओ-आय’, मोपाला ‘जी-ओ-एक्स’. मोपाचे अधिकृत नाव मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. गोव्यातील माणूस त्याला मोपाच म्हणतो. जवळपास तीन वर्षे हा धडा शेजारी उघडा पडला होता. तो मुंबईसाठी कोणी वाचला नाही.

आणि रेल्वे? रेल्वेला आपण उठता-बसता नावे ठेवतो. पण रेल्वेने कधी ‘मुंबई’ एवढेच लिहून तिकीट विकले आहे काय? मुंबई सेंट्रल, दादर, वांद्रे टर्मिनस, लोकमान्य टिळक टर्मिनस, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, पनवेल : गाडी जेथून सुटते त्या स्थानकाचे पूर्ण नाव तिकिटावर असते. दादरला मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या फलाटांचे क्रमांक एकसारखे असल्याने पिढ्यान्‌पिढ्या घोटाळा होत होता. डिसेंबर २०२३ मध्ये रेल्वेने ते सलग एक ते चौदा केले आणि तो घोटाळा मिटविला. एस.टी.चा कंडक्टरदेखील ‘मुंबई’ म्हटल्यावर ‘मुंबई कुठे? परळ, कुर्ला की बोरिवली?’ असे विचारल्याखेरीज तिकीट फाडत नाही. त्या कंडक्टरला जे कळते, ते हजारो कोटींची उलाढाल करणाऱ्या कंपन्यांच्या संगणकांना कळू नये?

खरे कारण, आम्हांस वाटते, न कळणे हे नाही. प्रवासी ‘मुंबई’ असे लिहितो, आणि तिकीट विकणारी यंत्रणा तिन्ही ठिकाणची विमाने एका यादीत, स्वस्तातले आधी, अशी मांडते. विरारच्या माणसाला काही शे रुपयांनी स्वस्त म्हणून उलव्याचे विमान दिसते, तो ते घेतो, आणि वाचलेल्या पैशांहून अधिक टॅक्सीत आणि सेतूच्या पथकरात घालवितो. पनवेल, पेण, उरण येथील प्रवाशाची गोष्ट नेमकी उलटी. त्याच्या दारात विमानतळ आला असताना तो सहारला धाव घेतो. फरक ठळक केला तर काही गिऱ्हाइके बिचकतील. तो बारीक अक्षरांत ठेवणे विक्रीच्या सोयीचे आहे. परतीच्या तिकिटात तर याहून मोठी गंमत होते : जाताना सहार, येताना उलवे, मोटार सहारच्या वाहनतळात उभी आणि मालक खाडीपलीकडे. आणि नागपूरहून उलव्याला उतरून सहारहून रात्रीचे परदेशी विमान धरणाऱ्याने दोन तिकिटे वेगवेगळी काढली असतील, तर मधल्या वाटेची जबाबदारी कोणतीच कंपनी घेत नाही.

यावर उपाय अवघड नाहीत आणि त्यांना पैसाही लागत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एक आदेश काढावा. तिकिटावर आणि संदेशात, शहराच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत, लोकांच्या तोंडी असलेले ठिकाणाचे नाव छापावे : सांताक्रूझ, सहार किंवा उलवे; आणि महाराष्ट्रातून सुटणाऱ्या विमानाच्या बाबतीत ते मराठीतही असावे. पैसे घेण्यापूर्वी ‘हे विमान उलव्याहून सुटते, आपणांस मान्य आहे काय?’ असे विचारणे बंधनकारक करावे. परतीचा विमानतळ निराळा असेल तर तेही तेथेच सांगावे. तिकीट विकल्यानंतर कंपनीने सुटण्याचा विमानतळ बदलला, तर ते विमान रद्द झाले असे मानून प्रवाशास पूर्ण पैसे मागण्याचा हक्क असावा. चुकून दुसऱ्या विमानतळावर पोहोचलेल्याला पुढच्या विमानात माफक आकार घेऊन जागा द्यावी, अशीही आमची सूचना आहे. ती कंपन्यांना रुचणार नाही हे आम्ही जाणतो. राज्य सरकारनेही हात झटकू नयेत. द्रुतगती महामार्गावर, सेतूच्या तोंडाशी आणि मेट्रोच्या स्थानकांत कोणत्या कंपनीची विमाने कोठून सुटतात याचे मराठी फलक लावण्यास दिल्लीची परवानगी लागत नाही.

विमान कंपन्यांची वेळापत्रके वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. प्रत्येक बदलाबरोबर आणखी काही उड्डाणे इकडून तिकडे जाणार हे उघड आहे. हा आदेश पुढील वेळापत्रक लागू होण्यापूर्वी निघाला पाहिजे.