इंजिन आपले, मेंदू कोणाचा?

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याकडे देशातील पहिली विजेची गाडी निघाली, ती १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. ती पद्धत उपनगरी मार्गांवरून पूर्णपणे गेली एप्रिल २०१६ मध्ये, हार्बर मार्गावर २५ हजार व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आली तेव्हा. तारेतील वीज बदलली, म्हणून वाहनावरील रेक्टिफायरचे, अर्थात एकदिशकारकाचे, महत्त्व वाढले. या यंत्राची चर्चा मात्र क्वचितच होते.

१९५९-६० च्या सुमारास युरोपातून आलेल्या डब्ल्यूएएम-१ इंजिनांत पाऱ्याच्या वाफेचे रेक्टिफायर होते. प्रवाह वाहताना त्यांत पंधरा-वीस व्होल्ट वाया जात. सिलिकॉन डायोड हेच काम व्होल्टभराच्या घटीत करतो. पुढची चार दशके भारतीय मालगाड्या डायोडवरच चालल्या. पण डायोड आज्ञा ऐकत नाही. वेग बदलायचा तर रोहित्राचे टप्पे बदलावे लागत आणि ब्रेक लावताना निर्माण झालेली वीज रोधकांत तापून वाया जाई. थायरिस्टर ऐकतो, पण उशिरा सुरू करून व्होल्टता कमी करावी तर शक्तिगुणक घसरतो आणि तारेत हार्मोनिकांचा गोंधळ माजतो.

खरे परिवर्तन चतुष्पाद रूपांतरकाने घडवले. सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होणारे स्विच तारेतून जवळजवळ शुद्ध ज्यावक्री प्रवाह घेतात, शक्तिगुणक एकच्या जवळ ठेवतात आणि उतारावर वीज तारेला परत देतात. एबीबीच्या तंत्रज्ञानावर आधारलेले डब्ल्यूएजी-९ इंजिन १९९८ मध्ये चित्तरंजनच्या कारखान्यातून बाहेर पडू लागले, ते याच पद्धतीचे. ही घटना आपल्या औद्योगिक इतिहासात ठळकपणे नोंदवण्याजोगी आहे.

तथापि इंजिनाचा सांगाडा, चाके आणि मोटारी येथे बनल्या म्हणजे स्वावलंबन साधले, अशी समजूत भाबडी ठरेल. स्विच कोणत्या क्षणी उघडावा, तारेतील व्होल्टता खाली आली तर काय करावे, शेजारच्या इंजिनाशी सूर जुळवून हार्मोनिक कसे परस्परांना मारावेत, हे ठरवणारी नियंत्रणप्रणाली हाच रेक्टिफायरचा आत्मा. ती बंद पेटीत विकत घेतली, तर दोष सापडूनही दुरुस्तीसाठी विक्रेत्याच्या दारात उभे राहावे लागते. आयजीबीटीसारखी अर्धवाहक उपकरणेही अद्याप प्रामुख्याने आयातच होतात.

केंद्र सरकारने २००४ मध्ये शक्ति-इलेक्ट्रॉनिकीसाठी राष्ट्रीय अभियान सुरू केले आणि त्याची धुरा तिरुवनंतपुरमच्या सी-डॅककडे सोपवली. दिशा योग्य होती. परंतु खरेदीच्या निविदा जोवर केवळ पहिल्या किमतीवर ठरतील, तोवर अशा संशोधनाला ग्राहक मिळणे कठीण. तीस-पस्तीस वर्षे धावणाऱ्या इंजिनात कार्यक्षमतेचा एक टक्काही किमतीतल्या फरकाहून मोठा ठरू शकतो. म्हणून आयुष्यभराची ऊर्जाहानी निविदेत मोजली जावी आणि नियंत्रणाचा आज्ञासंच बदलण्याचा अधिकार करारातच खरेदीदाराकडे यावा. किंमत थोडी वाढेल. ती वाढू द्यावी.