परदेशाची वाट आणि मातीचे ऋण

यवतमाळच्या काळ्या मातीतून परदेशी गेलेली पहिली मोठी संपत्ती म्हणजे कापूस. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ ते मूर्तिजापूर हा नॅरोगेज लोहमार्ग इंग्रजी कंपनीने घातला, तो वऱ्हाडातील माणसांच्या सोयीसाठी नव्हे. येथील पांढरे सोने मुंबई बंदरात आणि तेथून मँचेस्टरच्या गिरण्यांत पोहोचावे यासाठी. पुढे 'शकुंतला' या लाडक्या नावाने ओळखली गेलेली ती गाडी आता थांबली आहे. मात्र जिल्ह्यातून बाहेर पडण्याचा ओघ थांबलेला नाही. फरक इतकाच की, आता येथून दूरदेशी जाऊ पाहतो तो शेतकऱ्याचा शिकलेला मुलगा आणि त्याची शिकलेली मुलगी. जर्मनीतील परिचारिकेची नोकरी, जपानमधील तंत्रज्ञाचे काम, आखातातील बांधकाम, ब्रिटन-अमेरिकेतील पदव्युत्तर शिक्षण हे शब्द आता वणी, पुसद आणि पांढरकवड्याच्या महाविद्यालयांच्या आवारातही ऐकू येतात.

या इच्छेला नावे ठेवणे सोपे आहे. 'मातृभूमी सोडून निघालेली पिढी' असा शिक्का मारून मोकळे होणारेही पुष्कळ आहेत. परंतु २००६ साली तत्कालीन पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत यवतमाळ होता, हे विसरून चालणार नाही. ते पॅकेज येऊन गेले, कर्जमाफ्या आल्या आणि गेल्या. कोरडवाहू कापूस आणि सोयाबीन यांच्या भरवशावर जगणाऱ्या कुटुंबाचे गणित मात्र फारसे बदलले नाही. वडिलांनी गळफास घेतलेला ज्या मुलाने पाहिला, त्याला 'शेतीच कर' असे सांगण्याचा नैतिक अधिकार कोणाला आहे? तो बाहेरची वाट शोधतो, यात त्याचा दोष नाही. त्या वाटेवर त्याला कोण भेटतो, समाज की दलाल, हा खरा प्रश्न आहे.

हिंदू समाजाने परदेशगमनाचा प्रश्न पूर्वीही अनुभवला आहे आणि त्याचे चुकीचे उत्तर देऊन मोठी किंमतही मोजली आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी या समाजाच्या पायांतील ज्या सात स्वदेशी बेड्या सांगितल्या, त्यांत सिंधुबंदी ही एक होती. ज्यांचे पूर्वज जावा-सुमात्रापर्यंत जहाजे नेत होते, त्यांनीच समुद्र ओलांडणे पाप ठरवले. परिणामी जगाचे ज्ञान दारावरून निघून गेले आणि जगाचे व्यापारी मात्र दारात येऊन मालक झाले. ती बेडी तुटली, ती तोडणाऱ्यांच्या धाडसामुळे. स्वतः सावरकर १९०६ साली लंडनला गेले, ते पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांच्यामार्फत मिळालेल्या शिष्यवृत्तीवर. त्या शिष्यवृत्तीसाठी लोकमान्य टिळकांनी शिफारस केली होती आणि ती घेणाऱ्याने इंग्रज सरकारची चाकरी करू नये, अशी अट होती. पैसा द्यायचा, पण त्यासोबत एक व्रतही द्यायचे, ही त्या योजनेमागील दृष्टी होती.

याच काळात वर्धा नदीच्या पलीकडच्या तीरावरून आणखी एक तरुण निघाला. पांडुरंग सदाशिव खानखोजे मूळचे वर्ध्याचे. त्यांच्यापाशी श्रीमंती नव्हती की सरकारी आश्रय नव्हता. जपानमार्गे ते अमेरिकेत पोहोचले, मिळेल ते काम करत राहिले आणि ओरेगॉन व वॉशिंग्टन या राज्यांतील कृषी महाविद्यालयांत शेतीशास्त्र शिकले. गदर चळवळीच्या उभारणीत त्यांचा प्रत्यक्ष सहभाग होता. पहिल्या महायुद्धाच्या काळातील वणवणीनंतर ते १९२४ साली मेक्सिकोला गेले. तेथील चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले, मका आणि गहू यांवर त्यांनी संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालवल्या. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ साली नागपुरात त्यांचे देहावसान झाले. चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते झाले. वऱ्हाडच्या शेजारचा हा माणूस मेक्सिकोच्या शेतकऱ्याला ठाऊक झाला. आजच्या यवतमाळच्या कृषी पदवीधराला तो किती ठाऊक आहे, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

खानखोजे यांना वाट स्वतः पाडावी लागली. आज कागदावर वाटा पुष्कळ आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुणांची घोषणा झाली. जपानशी विशिष्ट कौशल्यधारक कामगारांसंबंधीचा सहकार्य करार २०२१ सालीच झाला असून, पाच वर्षांत पन्नास हजार कुशल भारतीयांना तेथे नेण्याचे उद्दिष्ट ऑगस्ट २०२५ मध्ये उभय देशांनी जाहीर केले. जर्मनीतील अनेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क जवळजवळ नाही. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये भारतीय विद्यार्थ्याला ते सहामाहीस १,५०० युरो इतके आहे. याउलट अमेरिकेची वाट अरुंद होत चालली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील शासनाने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले. मोठे शिक्षणकर्ज काढून केवळ अमेरिकेकडे डोळे लावून बसलेल्या कुटुंबाने हे वेळीच ध्यानात घेतले पाहिजे.

मग यवतमाळच्या मुलाची वाट अडते कोठे? ती तीन ठिकाणी अडते.

पहिला अडसर माहितीचा. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती योजनेत अनुसूचित जाती, विमुक्त-भटके, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी मिळून १२५ जागा आहेत. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ७५ जणांना मिळते. अनुसूचित जमातींसाठीच्या केंद्रीय योजनेत २० जागा असून त्यांतील तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींसाठी राखून ठेवलेल्या आहेत. झरी जामणी, केळापूर आणि मारेगाव या तालुक्यांतील पोडांवर राहणारा कोलाम समाज याच आदिम जमातींपैकी एक. देशभरातील अशा ७५ जमातींसाठी तीन जागा ही संख्या अपुरी आहे, हे स्पष्टच आहे. पण त्याहून वेदनादायक गोष्ट ही की, त्या तीन जागा अस्तित्वात आहेत ही वार्तादेखील पोडापर्यंत पोहोचत नाही. पोडावरचा मुलगा पदवीपर्यंत पोहोचला, तर योजनेचा अर्ज त्याच्यापर्यंत पोहोचण्याची व्यवस्था कोणाची?

दुसरा अडसर भाषेचा. जर्मनीत परिचारिकेला व्यावसायिक मान्यता मिळण्यासाठी साधारणतः बी-२ पातळीची जर्मन यावी लागते. ही पातळी चार-दोन आठवड्यांत गाठता येत नाही. नियमित शिक्षक, वर्ग आणि वर्षभराची चिकाटी लागते. करारावर स्वाक्षऱ्या मुंबईत होतात, परंतु जर्मन शिकवणारा शिक्षक उमरखेडला नसेल, तर तो करार उमरखेडच्या मुलीसाठी झालाच नाही असे म्हणावे लागेल.

तिसरा आणि सर्वांत मोठा अडसर तारणाचा. साडेसात लाखांवरील शिक्षणकर्जासाठी बँका सामान्यतः स्थावर तारण मागतात. शहरातील नोकरदाराच्या मुलासाठी सदनिका पुढे करता येते. दहा एकरांच्या मालकाकडे मात्र केवळ शेतजमीन असते आणि २००२ च्या सर्फेसी कायद्याच्या ३१ व्या कलमानुसार शेतजमिनीवर तो कायदा चालत नाही. म्हणून शिक्षणकर्जासाठी ती तारण घेण्यास बँका सहसा नाखूष असतात. शेतकऱ्याची जमीन वाचावी म्हणून ठेवलेले हे संरक्षण योग्यच आहे. परंतु त्याचा परिणाम असा की, ज्या जमिनीने बापाला कर्जबाजारी केले, ती मुलाच्या शिक्षणाला मात्र कामी येत नाही. २०२४ साली मंजूर झालेली पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना विनातारण कर्ज देते खरी, पण ती देशातील निवडक संस्थांसाठी आहे. राहता राहिला सावकार. त्याला तारणाची अडचण कधीच नसते.

या तीन अडसरांच्या फटीत दलाल उभा राहतो. माहिती नाही तेथे तो माहिती विकतो, भाषा येत नाही तेथे 'भाषेची गरज नाही' असे सांगतो आणि पैसा नाही तेथे शेत विकण्याचा सल्ला देतो. परदेशातील नोकरीसाठी माणसे नेणाऱ्याने १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार नोंदणी करणे बंधनकारक आहे; नोंदणीकृत संस्थांची यादी केंद्र शासनाच्या ई-मायग्रेट या व्यवस्थेत कोणालाही पाहता येते. अशा संस्थेला उमेदवाराकडून तीस हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. कोणी लाखो रुपये मागत असेल, नोकरीसाठी पर्यटक व्हिसा काढून देतो म्हणत असेल, तर तेथूनच माघारी फिरावे. परदेशी शिक्षणाचा सल्ला विकणारे मात्र या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. पंजाबने २०१२ साली अशा सल्लागारांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. महाराष्ट्राने तसा विचार करण्यास हरकत नाही. तथापि केवळ कायद्याने भागत नाही. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने अमृतसरला आणून सोडलेल्या १०४ भारतीयांत तीस जण पंजाबचे होते आणि तीन महाराष्ट्राचेही. हातापायांत बेड्या घालून परत पाठवलेली ती माणसे गुन्हेगारी टोळ्यांतील नव्हती. जमीन आणि दागिने विकून बेकायदा वाटेला लागलेली ती सामान्य घरांतील मुले होती.

वैद्यकीय शिक्षणाचीही तीच कथा आहे. २०२२ साली युक्रेनच्या युद्धभूमीतून 'ऑपरेशन गंगा'द्वारे सुमारे २२,५०० भारतीयांना मायदेशी आणण्यात आले. त्यांत बहुसंख्य विद्यार्थी होते. शासनाने त्यांना आणले, हे अभिमानास्पद आहे. परंतु इतकी मुले तेथे का गेली होती, या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. परदेशी पदवी घेऊन येणाऱ्यांना येथे जी परीक्षा द्यावी लागते, तीत बहुतेक उमेदवार अनुत्तीर्ण होतात. २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा आणि त्याच संस्थेतील बारा महिन्यांच्या आंतरवासितेसह असला पाहिजे. या अटी सल्लागाराच्या रंगीत माहितीपत्रकात शोधू नयेत. त्या पालकांनी प्रवेशापूर्वी स्वतः पडताळल्या पाहिजेत.

म्हणून काम शासनाचे आहे तितकेच समाजाचे आहे. यवतमाळ जिल्ह्याला सेवाकार्याची परंपरा आहे. दीनदयाल बहुउद्देशीय प्रसारक मंडळासारख्या संस्थांनी आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांसाठी आणि पारधी मुलांसाठी जे काम उभे केले आहे, ते याच मातीत झाले आहे. वसतिगृह चालवू शकणारा समाज मार्गदर्शन केंद्रही चालवू शकतो. प्रत्येक तालुक्याच्या एका महाविद्यालयात जर्मन किंवा जपानी भाषेचा वर्ग, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेणारा एक जाणता प्राध्यापक, पोड आणि तांडे यांपर्यंत जाऊन पदवीधरांची नोंद ठेवणारे कार्यकर्ते, आणि शेतजमिनीऐवजी समाजातील समर्थांची हमी बँकेपुढे ठेवणारा एखादा निधी, यांतील एकही गोष्ट अशक्य नाही. परदेशांत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी मंडळांच्या गणेशोत्सवासोबत आपल्या मूळ जिल्ह्यातील एका विद्यार्थ्याचे दायित्व घेतले, तर तो उत्सव अधिक सार्थ होईल.

आता प्रश्न ऋणाचा. भारतीय परंपरा माणूस ऋणे घेऊनच जन्मतो असे मानते. समाजाच्या बळावर परदेशी गेलेल्याने ते ऋण फेडावे, ही अपेक्षा रास्तच आहे. पण ऋण एकतर्फी नसते, याचे स्मरण करून देणारा एक प्रसंग महाराष्ट्राने विसरू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार त्यांनी केला होता. १९१७ साली ते तो करार पाळण्यासाठी बडोद्याला गेले. तेथे या उच्चविद्याविभूषित तरुणाला राहायला घर मिळाले नाही. त्यांनी आपला शब्द पाळला. हिंदू समाज मात्र आपल्या कर्तव्याला चुकला. देशाने केवढा अधिकारी पुरुष त्या दिवशी दारातून परत पाठवला, हे पुढे सर्वांना कळले.

आजचा परतणारा तरुण अस्पृश्यतेने अडणार नाही, अशी आशा आहे. परंतु परतून आलेल्या परिचारिकेला दिग्रसच्या रुग्णालयात तिच्या कौशल्याचे काम मिळणार का? शेतीचे नवे तंत्र शिकून आलेल्या मुलाला घाटंजीत प्रयोगासाठी पाणी आणि भांडवल मिळणार का? वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावरील वर्धा ते कळंब या टप्प्यावर फेब्रुवारी २०२४ पासून गाडी धावू लागली आहे. हा मार्ग पूर्ण होईल तेव्हा त्यावरून यवतमाळचे तरुण जगभर जातील. त्यांनी जरूर जावे. मात्र दलालाचे कर्ज खांद्यावर घेऊन नव्हे, तर समाजाचा विश्वास सोबत घेऊन. आणि त्याच गाडीने ज्यांना परत यायचे असेल, त्यांच्यासाठी येथे काम आणि घर तयार ठेवणे, हे जिल्ह्यात राहणाऱ्यांचे कर्तव्य आहे.